कु. क हिच्या चुका

"सकाळी सव्वादहाची वेळ. एकोणीस वर्षांची एक अप्रेंटिस मुलगी पॉवर प्रेसवर काम करते आहे. तिला आपण कुमारी क म्हणू."

सव्वादहा नव्हे, पावणेअकरा. चहाची सुट्टी संपवून आम्ही नुकत्याच मशीनवर आलो होतो आणि माझ्या तोंडात अजून ग्लुकोज बिस्किटाची चव होती.

मी आयटीआयच्या स्टोअरमध्ये बसून व्हर्नियर कॅलिपर पुसत होते. स्टोअर आणि फिटरचा वर्ग यांच्यामध्ये छातीपर्यंत भिंत आणि वर नुसती जाळी. वर्गात कुणी शिंकलं तरी मला ऐकू यायचं. त्यातून देशमाने सरांचा आवाज खणखणीत. ते फिटरच्या मुलांचे निदेशक. वर्षभरापूर्वी लागलेले, तिशीतले, उत्साही. दिवाळीनंतर पुण्याला पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले आणि येताना केस स्टडीचं खूळ घेऊन आले. नुसतं पुस्तकातलं शिकवायचं नाही, खरी घडलेली प्रकरणं मुलांपुढं ठेवायची आणि त्यांनाच म्हणायचं, शोधा काय चुकलं ते.

पद्धत चांगली होती, मी नाही म्हणत नाही. एरवी मागच्या बाकावर पेंगणारी पोरंही तावातावानं भांडायची. जळालेल्या मोटरची केस झाली, गळक्या व्हॉल्व्हची झाली, सुटलेल्या बेल्टची झाली. मीही जाळीआडून ऐकायचे आणि मनातल्या मनात उत्तर द्यायचे. बरेचदा माझं उत्तर बरोबर निघायचं.

सातव्या केसला मात्र मी ऐकत नव्हते. मी त्यात होते.

"कुमारी क हिच्या उजव्या हाताची तीन बोटं प्रेसखाली तुटली," सर वाचत होते. मग खडूचा आवाज आला. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कु. क हिच्या चुका', आणि खाली एक ते दहा आकडे घातले. "पाच-पाच जणांचे गट करा. दहा मिनिटं देतो. दहा चुका निघाल्याच पाहिजेत."

प्रेसच्या नव्हे, कंपनीच्या नव्हे. माझ्या चुका. त्याही दहा, म्हणजे तीन बोटांना दहा.

"सर, गप्पा मारत असणार," पवळे म्हणाला. हा वर्गातला चावट पोरगा. "पोरी गप कुठं बसत्यात?"

"नेलपॉलिश वाळवत असंल," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळा वर्ग हसला.

"विनोद नको," सर म्हणाले. "पण लक्ष विचलित होणं, हा मुद्दा बरोबर आहे." आणि त्यांनी तो फळ्यावर लिहिला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गप्पा? त्या शेडमध्ये बारा प्रेस एकदम चालायच्या. शेजारणीनं बोंब मारली असती तरी ऐकू आली नसती. मला माझी स्वतःची किंकाळीसुद्धा ऐकू आली नव्हती. लोक वळून बघायला लागले तेव्हा मला कळलं की मी ओरडते आहे.

हे दोन हजार अकरा साल. अपघाताला तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि आयटीआयमध्ये कुणालाही ते ठाऊक नव्हतं. उजवा हात मी ॲप्रनच्या खिशात ठेवायचे. कुणी विचारलंच तर सांगायचे, लहानपणी कडबाकुट्टीत गेला. गावाकडच्या माणसाला हे लगेच पटतं, पुढं कुणी विचारत नाही. वय माझं सत्तावीस, तरी पोरं मला मावशी म्हणायची. चालू द्या म्हणायचे मी.

"सर, मला एक कळंना." हा आवाज करिश्मा तांबोळीचा. बॅचमध्ये दोन मुली, त्यातली ही एक. हातोडी पोरांपेक्षा सरळ मारणारी. "प्रेसला दोन बटणं असतात. एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते."

"बरोबर. का बरं तसं केलेलं असतं?"

"दोन्ही हात बटणावर राहावेत म्हणून. मग डायखाली गेला तो हात कुठला? हिला तीन हात होते का?"

पोरं पुन्हा हसली, पण सर खूश झाले. "उत्तम प्रश्न. पान तीन वाच."

करिश्मानं वाचलं. "'उत्पादन जलद व्हावे या हेतूने कु. क हिने उजव्या बटणावर स्वतःच चिकटपट्टी लावून ते कायमचे दाबून ठेवले होते. सोबतच्या छायाचित्रात मशीन व दोन्ही बटणे सुस्थितीत असल्याचे दिसते.'"

"आलं लक्षात? सुरक्षिततेची सोय होती. तिनं ती स्वतः मोडली." सरांनी फळ्यावर एक नंबरची चूक लिहिली आणि तिच्याखाली दोनदा रेघ ओढली.

स्वतः लावली म्हणे. ती पट्टी कोण लावायचं ते सांगते. सेटर लावायचा. सेटर म्हणजे प्रेसचा साचा, म्हणजेच डाय, बसवून मशीन चालू करून देणारा माणूस. रोज सकाळी तो हातात काळ्या टेपचं भेंडोळं घेऊन बारा मशिनींवरनं फिरायचा. उजवं बटण दाबून त्यावर पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर टेपचे चार वेढे. मग डाव्या हातानं उरलेलं बटण मारायचं आणि उजव्यानं जॉब, म्हणजे पत्र्याचा तुकडा, डायखाली सरकवायचा. दोन हातांनी तासाला तीनशे पीस निघायचे, एका हातानं साडेपाचशे. नव्या पोरीला पहिल्याच दिवशी हे शिकवायचे, आणि त्याला नाव होतं 'एका हाताचं काम'. ज्याला जमायचं नाही त्याला सगळे ढ म्हणायचे. मला दोन दिवसांत जमलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता, हे आज लिहितानाही लाज वाटते.

तास संपल्यावर करिश्मा कानशी परत करायला स्टोअरच्या खिडकीशी आली. कानशी ठेवल्या, पण हलली नाही.

"मावशी, तुम्ही हिंदू. एक सांगा. कोहळा कधी फोडतात?"

"कसला कोहळा?"

तिनं केसचा कागद जाळीतून आत सरकवला. छायाचित्राची झेरॉक्स होती ती. माझी प्रेस. आठ वर्षांनी समोर आली. मी नजर हलवली नाही. प्रेसच्या चाकाला हार, अंगावर कुंकवाचं स्वस्तिक, पायाशी फोडलेला कोहळा.

"खंडेनवमीला," मी म्हणाले. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मशीनची पूजा करतात तेव्हा."

"तेच म्हणते मी. आमच्या अब्बांचं पानाचं दुकान, पण दसऱ्याला आम्ही झेंडू विकतो. लेथवाले, वेल्डिंगवाले, सगळ्यांकडं मीच हार पोचवते. म्हणजे हा फोटो ऑक्टोबरातला. अपघात झाला नऊ जानेवारीला, अहवालही त्याच महिन्यातला. मग जानेवारीत बटणं कशी होती ते ह्या फोटोवरनं काय कळणार?"

शेडमधल्या जुन्या पोरी सांगायच्या, पूजेच्या दिवशी सगळ्या टेपा सोलून काढायचे, साहेब लोक येऊन फोटो काढायचे, आणि तिसऱ्या दिवशी सेटर पुन्हा भेंडोळं घेऊन फिरायचा.

"आणखी बघा," तिनं जाळीतून बोट घालून दाखवलं. "डावं बटण स्वच्छ. उजव्याच्या भोवती काळा चौकोन. टेप काढल्यावर डिंक राहतो, त्याला धूळ बसते, तसला. आणि पान एकवर काय लिहिलंय? कुमारी क फिटर ट्रेड पास होऊन एक डिसेंबरला कंपनीत लागली. ती यायच्या आधीच तिथं टेप होती, मावशी. हिनं कशी लावली?"

अठरा वर्षांची पोरगी. जे सांगायला मला आठ वर्षांत तोंड फुटलं नव्हतं, ते तिनं एका झेरॉक्सवरनं काढलं होतं.

"सरांना सांग की," मी म्हणाले.

"उद्या सांगणार. उद्या कंपनीचे साहेब येणार आहेत ना पर्सनलचे, उत्तरं ऐकायला." मग ती थोडी घुटमळली. "सोमवारपासनं आम्ही बाराजण अप्रेंटिस म्हणून तिथंच चाललोय. मला पत्र आलंय. प्रेस शॉप. म्हणून विचारते. तुम्हाला काय वाटतं, अजून लावत असतील का टेप?"

तिचे दोन्ही हात जाळीवर होते. दहा बोटं जाळीत अडकवून ती माझ्याकडं बघत होती.

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणाले. "मी स्टोअरवाली."

हे वाक्य मी म्हणाले. ती ते विसरली असेल, मी विसरलेले नाही.

ती गेल्यावर मी देशमाने सरांच्या टेबलावरनं ती अख्खी फाइल उचलली. शेवटचा तास प्रॅक्टिकलचा होता, सगळे वर्कशॉपमध्ये होते. फाइल कंपनीनंच करून दिली होती. ज्या कंपनीनं आयटीआयला चार लेथ दिले, जिच्या नावाची पाटी आमच्या वर्कशॉपच्या दारावर होती, तीच. मी रागानं फणफणत पानं उलटली. देशमाने मूर्ख आहे, प्राचार्य लाचार आहेत, कंपनी हरामखोर आहे, कुणावर किती रागवायचं ते माझं सगळं ठरलेलं होतं.

सातव्या केसच्या पुढं आठवी केस होती.

'श्री. ख, वय वीस. ऑगस्ट २००५. उजव्या हाताची चार बोटे. पूर्वी याच मशीनवर कु. क हिला झालेल्या अपघाताची माहिती असूनही श्री. ख याने बोध न घेता स्वतःच उजव्या बटणावर चिकटपट्टी लावली.'

मशीन नंबर तोच. सोबत छायाचित्र तेच, कोहळ्याचं.

मी ते पान तीनदा वाचलं. माझ्यानंतर अडीच वर्षांनी. माझ्यानंतर त्या स्टुलावर कोण बसलं, हा प्रश्न मी आठ वर्षांत एकदाही स्वतःला विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे पर्सनलवाले टेंभेकर साहेब आले. केस पिकलेले, पण बाकी तसेच, हसरे, अंगावर पांढरा शर्ट. प्राचार्यांनी त्यांना वर्गात पहिल्या बाकाशेजारी खुर्ची दिली. जाळीतून त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी मला पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी काही बिघडत नव्हतं. मला इथं आणून बसवणारे तेच तर होते.

करिश्मानं आपल्या गटाचं उत्तर मांडलं. कोहळा, तारीख, डिंकाचा चौकोन, एक डिसेंबर, सगळं एकापाठोपाठ. घाई नाही, आवाज चढवणं नाही. "म्हणून सर, आमच्या गटाला दहा चुका सापडल्या नाहीत. क ची एकही सापडली नाही."

देशमाने सर फोटो डोळ्यांशी नेऊन बघत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. तेवढं त्यांचं मान्य करते, त्यांना लगेच कळलं.

टेंभेकर साहेब हसले. "हुशार आहेस, बेटा. पण केस स्टडीत कल्पना लढवायच्या नसतात. पुरावा बघायचा असतो. मुलांच्या प्रतीत जोडला नाही, पण मूळ कागद आहे माझ्याकडं." त्यांनी बॅगेतून एक कागद काढला आणि वाचायला लागले. "'मी खाली सही करणार लिहून देते की, उजव्या बटणावरील चिकटपट्टी मी माझ्या मर्जीने लावली. सेटर व सुपरवायझर यांनी मला मनाई केली होती. झालेल्या अपघातास माझा निष्काळजीपणा कारणीभूत असून माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.' दहा जानेवारी. हे तिनं स्वतः लिहून दिलंय. आता ती स्वतः म्हणते माझी चूक, तर आपण कोण?"

"सही आहे का तिची?" करिश्मानं विचारलं.

"अंगठा आहे."

"फिटर ट्रेड पास झालेली पोरगी अंगठा का देईल, सर?"

साहेबांनी कागद उलटा केला. मग म्हणाले, "अगं, हाताला दुखापत होती ना."

"म्हणजे दवाखान्यात घेतला. दुसऱ्याच दिवशी. ती शुद्धीत तरी होती का?"

"शुद्धीत होते," मी म्हणाले.

मी स्टोअरमधून निघून वर्गाच्या दारात कधी आले ते मला आठवत नाही. सगळ्या माना वळल्या. मी खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि धरला सगळ्यांपुढं. अंगठा आणि करंगळी.

"कडबाकुट्टी नाही. ही प्रेस. क म्हणजे मी. उज्ज्वला कुदळे. आणि तो डाव्या हाताचा अंगठा माझा आहे."

"उज्ज्वला," टेंभेकर साहेब उठले. आवाज मऊ केला. "आपण ऑफिसात बसून बोलू."

"तुम्ही बसा. दवाखान्यात तुम्ही स्टुलावर बसला होता आणि मी पडून होते. आता तुम्ही बसा, मी उभी राहते."

"अगं, तुझ्या भल्याचंच केलं ना आम्ही? ही नोकरी कुणी लावली तुला? आज आठ वर्षं सावलीत बसून खातेस."

"तेच सांगायला आलेय. टेप सेटरनं लावली. रोज लावायचा, बाराच्या बारा मशिनींवर. तुम्हाला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही लिहून आणलेला कागद मी वाचला. मी शुद्धीत होते, मला अक्षर न् अक्षर कळलं. तुम्ही म्हणालात, आयटीआयच्या स्टोअरला जागा आहे, कायमची, आणि मी अंगठा पुढं केला. तुम्ही धरून नाही उठवला. मीच दिला."

मला ओरडायचं होतं, पण आवाज निघत होता तो आमच्या आईसारखा, भांडताना ती बोलायची तसा खालचा आणि सलग.

"मावशी," करिश्मा म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "काल मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो. आणि मी खोटं बोलले."

"मग तेव्हा अंगठा का दिला?"

साधा प्रश्न. आठ वर्षं मी त्याची किती उत्तरं घोळवली होती. वडील नव्हते, लग्न होणार नव्हतं, तुटक्या हाताला कोण काम देणार. सगळी खरी होती. तिच्याकडं बघताना एकही तोंडातून निघेना.

"मला बसायला खुर्ची पाहिजे होती," मी म्हणाले. "वाटलं, माझीच बोटं गेलीत, माझाच अंगठा, दुसऱ्या कुणाचं काय जातंय?"

मी फळ्यापाशी गेले. डस्टर घेतलं आणि एक नंबरपासून सगळं पुसलं. गप्पा, लक्ष, निष्काळजीपणा, सगळं. वरची ओळ तेवढी ठेवली. मग डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत, एक नंबरला लिहिलं, 'खोट्या कागदावर अंगठा दिला.' त्याखाली लिहिलं, 'म्हणून प्रेस दुसऱ्या दिवशी तशीच चालू झाली.'

"फाइलीतलं पुढचं पान काढा," मी देशमाने सरांना म्हणाले. "आठवी केस. वाचा मोठ्यानं."

त्यांनी वाचलं. वाचताना त्यांचा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठं गेला. मशीन नंबरपाशी येऊन ते थांबले आणि त्यांनी टेंभेकरांकडं पाहिलं. टेंभेकर कागद बॅगेत घालत होते.

"ह्या 'ख'चं नाव काय?" मी विचारलं.

"तो गोपनीय भाग आहे," टेंभेकर म्हणाले. "प्राचार्यांशी बोलतो मी आता. आणि ह्या बॅचचं काय करायचं तेही बघतो." ते तरातरा निघून गेले.

मग पवळे उठला. हाच तो, गप्पा मारत असणार म्हणणारा.

"खरात असंल, मावशी," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "आमच्या गावचा भागवत खरात. त्याचा हात असाच हाये. कंपनीत गेला म्हणत्यात. मला वाटलं नव्हतं की हे... मी हसायला नको होतं."

"हसलास ते हसलास," मी म्हणाले. "सोमवारी कामाला जाशील तेव्हा हसू नको."

माझी नोकरी महिनाअखेरीला गेली. कायमची म्हणाले होते, पण त्याचा काही कागद नव्हता. कागद एकच होता आणि तो त्यांच्या बॅगेत होता. प्राचार्यांनी माफीनामा मागितला. मी म्हटलं, एकदा लिहून दिलंय, त्यावरच भागवा. काही पोरांच्या आईबापांनी मला दारात येऊन शिव्या घातल्या, तुझ्यामुळं आमच्या पोरांची अप्रेंटिसशिप जाईल म्हणून, आणि मी त्या ऐकून घेतल्या. शेवटी कंपनीनं करिश्माचं पत्र तेवढं रद्द केलं आणि बाकी अकरा जणांना घेतलं. ती पुढं शिरूरला पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये लागली. पवळेला प्रेसवर बसवलं. सेटर भेंडोळं घेऊन आला तेव्हा यानं दोन्ही हात बटणांवर ठेवले आणि उचललेच नाहीत. त्याला ढ ठरवून आठवड्यात पॅकिंगला पाठवलं. हे त्यानंच मला येऊन सांगितलं, हसत. देशमाने सरांनी ती केस शिकवणं सोडलं नाही. फोटो तोच ठेवला, पण आता मुलांना पहिला प्रश्न विचारतात, हा फोटो कधीचा? ते मला चांगलं वाटलं, पण राग गेला म्हणाल तर नाही गेला.

कारण हे सगळं व्हायच्या आधी, त्या वर्गानंतरच्या रविवारी, मी पवळेच्या गावी गेले होते.

भागवत खरात पाण्याच्या टाकीशी भेटला. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. सव्वीसेक वर्षांचा, अंगानं दणकट. डाव्या हातानं व्हॉल्व्हचं चाक फिरवत होता आणि उजव्या पंज्याचा उरलेला भाग चाकाच्या आऱ्यांत अडकवून जोर लावत होता. मी जवळ गेले तशी त्याची नजर माझ्या तोंडावर न जाता थेट ॲप्रनच्या सवयीनं पदराखाली लपवलेल्या हातावर गेली. असा हात असलेला माणूस दुसऱ्याचा बरोबर हुडकतो.

"तुम्ही कुदळेबाई," तो म्हणाला.

"तू ओळखतोस मला?"

"नाव ठाऊक हाय. तीन बोटं, प्रेस नंबर सात. बसा."

बसायला टाकीचा कठडा होता. मी बसले नाही. वाटेत एसटीत मी सगळं जुळवून आणलं होतं. माझं चुकलं म्हणायचं, तू आणि मी दोघं मिळून लेबर ऑफिसला जाऊ म्हणायचं, मी साक्ष देईन म्हणायचं.

"टेप तू लावली होतीस?" मी विचारलं.

"मी कशाला लावतोय? सेटरनं लावली." तो चाक सोडून उभा राहिला. "टेंभेकर साहेब दवाखान्यात कागद घेऊन आला, त्याला मी तेच सांगितलं. म्हणलं, साहेब, हे मी लिहून देणार न्हाई. सेटरला बोलवा, माझ्यासमोर विचारा. दोन दिवस न्हाई म्हणत होतो. आई रडत होती, तरी न्हाई म्हणलं."

"मग?"

"मग तिसऱ्या दिवशी त्यांनी तुमचा कागद आणला."

पाइपातून पाणी सुटल्याचा आवाज येत होता. खाली वस्तीत कुणीतरी हंडे मांडत होतं.

"माझा?"

"वाचून दाखवला मला, सगळा. म्हणले, ही बघ, पोरीची जात, तुझ्यापेक्षा शिकलेली, हिनं कसं सरळ लिहून दिलं. हिला कशी नोकरी लागली, खुर्चीत बसती आता. शीक जरा हिच्याकडनं." हे सांगताना तो माझ्यावर रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, ती बाई शहाणी असंल. तिनं विचार करूनच दिला असंल. मग म्हणलं, आणा."

तो पुन्हा चाकाकडं वळला.

"त्यांनी तुमचाच कागद शेजारी ठिवला आणि बघून बघून माझा लिहिला," तो म्हणाला. "नाव तेवढं बदललं. बाकी सगळं तुमचंच हाय."